हेल्मेटच्या आतला आवाज : लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या कार्यकर्त्यांनी कान कसे सांभाळावेत

नेसरीहून दुचाकी काढली की एका बाजूला वीसेक किलोमीटरवर गडहिंग्लज, दुसऱ्या बाजूला अडकूर, चंदगड आणि तिकडूनच पुढे बेळगाव. एसटीची वाट पाहत बसण्यापेक्षा या भागातला तरुण गाडीला स्टार्टर मारतो. कॉलेज, हलकर्णीची एमआयडीसी, दूध संस्था, तहसील कार्यालयातले काम आणि संघटनेची बैठक, सगळे दुचाकीवर. त्यात आपले वर्षाचे ठरलेले प्रवास वेगळे. १४ एप्रिलची रॅली, मार्चमध्ये माणगाव परिषदेचा वर्धापन दिन, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, आणि ६ डिसेंबरला काही हौशी मंडळी थेट चैत्यभूमीपर्यंत दुचाकीने जातात.

या प्रवासांच्या आधी ग्रुपवर सूचना येतात. हेल्मेट घाला, कागदपत्रे जवळ ठेवा, पेट्रोल भरून या, झेंड्याची काठी नीट बांधा. कानांबद्दल कोणी काही लिहीत नाही. आवाजाचा विषय निघालाच तर तो बुलेटच्या सायलेन्सरपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. सायलेन्सरचा प्रश्न खरा आहे, त्यावर पुढे बोलूच. पण मोकळ्या रस्त्यावर चालवणाऱ्याच्या कानाचे सर्वांत जास्त नुकसान गाडीच्या इंजिनाने होत नाही, वाऱ्याने होते. मूळ सायलेन्सर असलेली, अगदी शांत चालणारी शंभर सीसीची गाडी असली तरी होते.

वारा आवाज कसा करतो

गाडी पळते तेव्हा हवा हेल्मेटवर आदळते, त्याच्या कडांवरून फाटते आणि भोवरे तयार होतात. हेल्मेटच्या खालच्या कडेला, मान आणि हनुवटीच्या जागेत, हे भोवरे सतत थडथडत राहतात. ब्रिटनमधील बाथ येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी वाऱ्याच्या बोगद्यात आणि प्रत्यक्ष रस्त्यावर हेल्मेटच्या आत माइक बसवून मोजमाप केले, तेव्हा हनुवटीखालची जागा हा आवाजाचा एक मोठा उगम असल्याचे दिसून आले. पुढे काच लावलेल्या गाडीवर काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा नेमका हेल्मेटवर आदळत असेल, तर आवाज कमी होण्याऐवजी वाढतो.

आकड्यांत सांगायचे तर ताशी ६० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत साधारण ९० डेसिबल आवाज होतो. वेग दुप्पट झाला की त्यात सुमारे १५ डेसिबलची भर पडते. म्हणजे १२० च्या वेगाला १०५ च्या घरात. हेल्मेट, गाडीची उंची, बसण्याची पद्धत आणि समोरचा वारा यांनुसार हे आकडे थोडे खालीवर होतात, पण चित्र तेच राहते.

डेसिबलचे गणित आपल्या रोजच्या हिशेबासारखे नसते. ९० आणि १०० यांत दहाचा फरक दिसतो, पण आवाजाची ऊर्जा दहापट झालेली असते. ३ डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतील नायोश या सरकारी संस्थेची शिफारस याच हिशेबावर बेतलेली आहे. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, ८८ मध्ये ४ तास, ९१ मध्ये २ तास, ९४ मध्ये १ तास, ९७ मध्ये अर्धा तास आणि १०० मध्ये फक्त १५ मिनिटे. त्यापुढे राहिलात की नुकसानीचा धोका वाढत जातो.

आता हा तक्ता आपल्या रस्त्यांवर ठेवून पाहा. नेसरी ते गडहिंग्लज रस्त्याला वळणे आहेत, गावे आहेत, उसाच्या ट्रॉल्या आहेत. वेग चाळीस-पन्नासच्या वर फारसा जात नाही आणि अर्ध्या-पाऊण तासात प्रवास संपतो. रोजच्या या फेरीने सहसा कान जात नाहीत, उगाच घाबरण्याचे कारण नाही. (गळीत हंगामात शेजारून जाणाऱ्या ट्रॅक्टरवरचा साउंड बॉक्स हा वेगळा विषय. त्या ड्रायव्हरच्या कानांचा विचार कोणीतरी करायला हवा.) प्रश्न सुरू होतो तो संकेश्वरला राष्ट्रीय महामार्ग लागल्यावर. तिथून निपाणी, कागल, कोल्हापूर असे ताशी ७०-८० ने गेलात तर हेल्मेटच्या आत सहज ९३-९४ डेसिबल होतात. जाऊन-येऊन दोन तास महामार्गावर काढले तरी दिवसाची मर्यादा दुपटीने ओलांडली जाते. भीमा कोरेगावला निघालात तर एका बाजूचे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सात-आठ तास तो मारा, तिथे पोहोचल्यावर दिवसभर गर्दी आणि स्पीकर, आणि दुसऱ्या दिवशी परत तोच रस्ता.

रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात कुईऽऽ असा बारीक आवाज येतो, समोरच्याचे बोलणे पाण्याखालून आल्यासारखे वाटते. सकाळपर्यंत ते बहुधा जाते आणि आपण विसरतो. पण ती कानाने दिलेली खूण असते. सगळे पूर्ववत झाले असे वाटले तरी आतल्या बारीक जोडण्या तुटलेल्या असू शकतात, असे प्राण्यांवरील अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे.

गेलेले का परत येत नाही

कानाच्या आत, पडद्याच्या पलीकडे, गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात केसासारखी टोके असलेल्या पेशींच्या रांगा असतात, एका कानात सुमारे १५ हजार. आवाजाच्या लाटेने ही टोके हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. सततच्या मोठ्या आवाजाने ती थकतात, वाकतात आणि शेवटी पेशीच मरते. कोंबडीच्या कानात अशा पेशी पुन्हा तयार होतात, माणसाच्या कानात होत नाहीत. यावर गोळी नाही, ऑपरेशन नाही. कानाचे मशीन मदत करते, पण मेलेली पेशी ते परत आणत नाही.

नुकसान सुरू होते ते उंच पट्टीच्या आवाजांपासून. त्यामुळे माणसाला आपण बहिरे होत आहोत हे कळतच नाही. ढोल ऐकू येतो, गाडीचा आवाज ऐकू येतो, हाक ऐकू येते. पण स, श, फ, थ, क, ट ही व्यंजने निसटू लागतात. ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ ऐकू येते. बैठकीत चार जण एकदम बोलू लागले की काहीच कळत नाही, आणि घरी लोक म्हणतात, ‘ह्याला कितीदा सांगायचं.’ बुद्धाच्या शिष्याला पालीत सावक म्हणतात, संस्कृतात श्रावक. अर्थ एकच, ऐकणारा. विहारात मागच्या ओळीत बसून देसना नीट कळत नाही म्हणून हळूहळू येणेच बंद करणारी वडीलधारी माणसे बहुतेक गावांत आहेत. पस्तिशीत त्या ओळीत जाऊन बसायची वेळ येऊ नये.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी हा विषय आणखी जवळचा आहे. आपल्या भागातून सैन्यात आणि पोलिसांत जाणाऱ्यांची परंपरा मोठी. महार रेजिमेंटची पहिली बटालियन १९४१ साली उभी राहिली ती इथून जवळच, बेळगावात. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत उमेदवाराला सुमारे ६ मीटरवरून केलेली कुजबुज प्रत्येक कानाने वेगवेगळी ऐकून ओळखावी लागते. पहाटे उठून धावायचे, छाती फुगवायची, आणि वर्षभर उघड्या कानांनी महामार्गावर गाडी पळवून तिथे उभे राहायचे, यात शहाणपण नाही. पोलीस आणि रेल्वेच्या अनेक पदांसाठीही श्रवणक्षमता तपासली जाते.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांना माहीत असायला हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ‘ऐकण्यास जड’ ठरायला दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट लागते आणि ‘कर्णबधिर’ ठरायला ७० डेसिबल, तीही बोलण्याच्या पट्टीतील आवाजांत. वाऱ्याने किंवा स्पीकरने होणारे नुकसान बहुधा इतके खोल जात नाही. म्हणजे माणसाला वर्गात, कामावर, मुलाखतीत अडचण येते, पण हातात प्रमाणपत्र येत नाही, सवलत नाही, राखीव जागा नाही.

उपाय स्वस्त आहे

फोमचे इअरप्लग. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन, वडापाव-चहाच्या पैशात एक जोडी मिळते. घाऊक घेतले तर त्याहून स्वस्त. पाकिटावर लिहिलेला आकडा तीसच्या आसपास असतो, पण तो प्रयोगशाळेतला. नीट बसवले तर प्रत्यक्षात १५ ते २० डेसिबल कमी होतात असे धरा. ९५ चे ७५-८० झाले की दिवसभराचा प्रवासही कानाला झेपतो.

नीट बसवले तर, हे महत्त्वाचे. बरेच जण प्लग कानाच्या तोंडाशी चिकटवतात आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणून फेकून देतात. स्वच्छ, कोरड्या हातांनी प्लग दोन बोटांत वळून उदबत्तीच्या काडीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, त्याने कानाची नळी सरळ होते. मग प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवायचा. स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमू लागला की बसला असे समजा. हेल्मेट घालताना तो ओढला जात नाही ना हे पाहा. मळलेला, फुगायचा बंद झालेला प्लग टाकून द्या, आणि दुसऱ्याचा वापरलेला कधीच घालू नका. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा मळ साचलेला असेल तर आधी डॉक्टरला दाखवा.

कापसाचा बोळा हा इअरप्लग नाही. कापसातून हवा आरपार जाते आणि वाऱ्याचा जो खालच्या पट्टीचा घोंगावणारा आवाज असतो, तो तर जवळपास तसाच आत येतो. मफलर किंवा रुमाल गुंडाळल्याने थंडी वाचते, धूळ वाचते, थोडे बरेही वाटते. कान त्याने वाचत नाहीत. आणि प्रवासानंतर कानात कोमट तेल सोडायची घरगुती सवय सोडलेलीच बरी.

‘प्लग घातल्यावर मागच्या ट्रकचा हॉर्न कसा ऐकू येणार?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि तो योग्य आहे. उत्तर असे की प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही कमी करतो, दोन्हींतले अंतर बहुतांशी तेच राहते. उलट वाऱ्याच्या भडिमाराने कान दबून गेलेला नसल्याने महामार्गावर हॉर्न आणि इंजिनातला बिघाडाचा आवाज अनेकांना जास्त स्पष्ट वाटतो. पण हे वेगातल्या प्रवासाबद्दल झाले. गावात शिरताना, बाजाराच्या दिवशी, शाळेजवळ वेग कमी असतो, वारा नसतो, तिथे प्लगची गरज नाही आणि उघडे कान कामाचे. ज्याला आधीच कमी ऐकू येते त्याने कानाच्या डॉक्टरला विचारूनच वापरावेत.

इअरफोन मात्र याच्या अगदी उलट काम करतात. ९० डेसिबलच्या वाऱ्यावर गाणे ऐकायचे तर आवाज त्याच्याही वर न्यावा लागतो. म्हणजे वाऱ्याचा मारा आहेच, वर गाण्याचा. आणि गाण्यात गुंतलेले लक्ष वेगळेच. भीमगीते ऐकायचीच असतील तर धाब्यावर थांबल्यावर ऐका.

हेल्मेटबद्दल थोडेसे. हेल्मेट कान वाचवते असा समज आहे. ते डोके वाचवण्यासाठी बनवलेले असते, वाऱ्याचा खालच्या पट्टीचा आवाज ते फारसा अडवत नाही. तरीही डोक्याला घट्ट बसणारे, पूर्ण चेहरा झाकणारे, व्हायझर नीट बंद होणारे हेल्मेट सैल किंवा अर्ध्या टोपीच्या हेल्मेटपेक्षा कानालाही बरे. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय चिन्ह असलेलेच हेल्मेट बनवता आणि विकता येते. रस्त्याकडेला टांगलेली बिनचिन्हाची टोपी घेऊ नका, मागे बसणाऱ्यासाठीसुद्धा. वारा मागच्यालाही लागतो, तेव्हा प्लगही दोघांनाच लागतील.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे वेग. ८० चा ६५ केला तर पाचेक डेसिबल खाली येतात. गटाने जाताना पुढच्या गाडीने वेग ठरवायचा आणि दर तासाला थांबायचे.

सायलेन्सर आणि आपली रॅली

आता सायलेन्सर. पंजाबी, इंदोरी अशा नावांनी विकले जाणारे सायलेन्सर बसवायचे, आतली जाळी काढायची, चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून फटाके काढायचे, हे आपल्या मुलांतही आहे. कारखान्यातून निघताना १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला, साडेसात मीटरवरून मोजल्यास, ८० डेसिबलची मर्यादा असते. त्या बंधनासाठीच सायलेन्सरच्या आतली सगळी रचना असते आणि ती काढून टाकली की उरते नुसती नळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार आवाजाचे निकष मोडल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना बाद होऊ शकतो. गाडीत बेकायदा बदल केल्याबद्दल मालकावर कलम १८२ अ खाली वेगळी कारवाई होते. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला आहे. दहा-पंधरा हजारांची वस्तू पोरांच्या डोळ्यांदेखत सपाट होते.

आपल्याकडे यावर एक उत्तर तयार असते. ‘आमच्या जयंतीलाच तुम्हाला आवाज आठवतो. बाकीच्यांच्या मिरवणुकीत तुमचे डेसिबल कुठे जातात?’ हा आक्षेप पोकळ नाही. नियम सर्वांना सारखा लावला जात नाही असा अनुभव अनेक वस्त्यांचा आहे, आणि तसे होईल तिथे निवेदन देऊन, माहिती अधिकारात कारवाईची आकडेवारी मागून ते उघड करायला हवे. पण प्रशासनाशी भांडण वेगळे आणि आपल्या कानाचा हिशेब वेगळा. स्पीकरच्या भिंतीजवळ आठ तास उभा असतो तो आपलाच स्वयंसेवक. फटाके काढणाऱ्या बुलेटच्या टाकीवर बसवलेले असते ते आपलेच तीन वर्षांचे पोर, आणि त्याच्या कानात काहीही नसते. रॅली वस्तीतून जाते तेव्हा दारात उभी असते ती आपलीच बाळंतीण आणि दम्याची म्हातारी.

१९२० साली २१ आणि २२ मार्चला माणगावात परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्षस्थानी होते, राजर्षी शाहू महाराज स्वतः आले होते. तिथे जमलेल्या लोकांनी ध्वनिक्षेपकाशिवाय ती भाषणे ऐकली. आज त्याच माणगावला जाताना आपण पन्नास गाड्यांचे हॉर्न एकदम वाजवत शिरतो, आणि सभेत वक्ता काय बोलला हे अर्ध्या जणांना सांगता येत नाही.

शाखेला करता येण्यासारखे काम फार नाही. झेंडे आणि पाण्याच्या बाटल्यांच्या खरेदीत फोम प्लगचा एक डबा धरा. निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढून ते कसे बसवायचे हे एकाने सर्वांना दाखवावे, ज्यांना येणार नाही त्यांना हाताने शिकवावे. बदललेला सायलेन्सर असलेली गाडी रांगेत घ्यायची नाही, हे आधीच जाहीर करा, ऐनवेळी वाद नको. लहान मुलांना लांबच्या पल्ल्यावर दुचाकीवर घेऊ नका, ती जीपमध्ये किंवा एसटीने येतील. स्पीकरजवळच्या स्वयंसेवकांची ड्युटी तासातासाने बदला आणि त्यांच्याही कानात प्लग असू द्या. लांबून गाडी चालवून आलेल्याला लगेच डीजेसमोर उभे करू नका, थकलेल्या कानाला काही तास शांतता लागते.

राहिला तपासणीचा भाग. वर्षात पाच-सहा वेळा लांबचा प्रवास करणाऱ्याने, किंवा ज्याच्या कानात शिट्टी वाजत राहते त्याने, एकदा श्रवण चाचणी करून घ्यावी. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. बहिरेपणाच्या प्रतिबंधासाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे, तेव्हा गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करायला हरकत नाही. घरबसल्या अंदाज घ्यायचा तर जागतिक आरोग्य संघटनेचे हिअरडब्ल्यूएचओ नावाचे मोफत ॲप आहे. गोंगाटात बोललेले आकडे ओळखायचे असतात. तो अंदाजच, निदान नव्हे. मात्र एखादा कान अचानक, एक-दोन दिवसांत बंद झाला तर मळ असेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. त्यात उपचाराची वेळ थोडी असते आणि आठवडे गेले की उपयोग होत नाही.

चाचणीनंतर मिळणाऱ्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. त्यावर ४००० हर्ट्झजवळ रेघ खड्ड्यासारखी खाली गेली आहे का, हे डॉक्टरांना विचारा. मोठ्या आवाजाने झालेले नुकसान सहसा आधी तिथेच दिसते. आलेखाची प्रत जपून ठेवा, दोन वर्षांनी पुन्हा चाचणी केली की ती पहिलीशी ताडून पाहता येईल.